चप्पल निसटते का?

पहिल्या बैठकीत पंधरा मिनिटं मला एक शब्दही कळला नाही. ऑक्टोबर २०२२ची गोष्ट. टीबीच्या वॉर्डाला लागून असलेली खोली, लांबट टेबल, भोवती अकरा माणसं आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क. माझे कान २०१३ साली कानामायसिन या टीबीवरच्या औषधाच्या इंजेक्शनांनी गेले. उजव्या कानात यंत्र आहे, पण त्यातून आवाज येतो, शब्द येत नाहीत. शब्द मी ओठांवरून वाचते. ओठच झाकलेले असले की समोर फक्त हलणारे डोळे आणि हात उरतात.

शेवटी वहीचा कागद फाडून त्यावर लिहिलं, "मला ओठ दिसले पाहिजेत," आणि तो टेबलावरून पुढे सरकवला. मुख्य डॉक्टर मॅडमनी तो वाचला, उठल्या, आणि स्वतःची खुर्ची उचलून बाहेरच्या व्हरांड्यात गेल्या. मागोमाग सगळ्यांच्या खुर्च्या निघाल्या. तिथे वारा खेळता होता. ठरलं असं की जो बोलेल त्याने मास्क खाली करायचा, बाकीच्यांनी नाही, आणि बोलणाऱ्याने माझ्याकडे तोंड करून बोलायचं. त्याचा एक फायदा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. एका वेळी एकच माणूस बोलू लागला. डॉक्टर बोलत असताना पेशंट गप्प बसतात, याची सगळ्यांना सवय असते. पेशंट बोलत असताना डॉक्टरांना मध्ये बोलता येत नाही, हे मी त्या व्हरांड्यात पहिल्यांदा पाहिलं.

आम्हाला बोलावलं होतं ते एका औषधचाचणीचा आराखडा बघायला. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीची, म्हणजे आम्ही ज्याला 'एमडीआर' म्हणतो त्याची, ही चाचणी. रुग्णालयाचं आणि चाचणीचं नाव मी लिहीत नाही. गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली आहे आणि ती मी पाळणार आहे. घडलं काय, ते मात्र सांगते, कारण असं काही असू शकतं हे मला आजारपणात ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

माझा आजार २०१२च्या शेवटी निघाला. वय तेवीस, राहायला भांडुपला, नोकरी अंधेरीला एका ऑफिसात हिशेबाची. आधी साध्या टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता, तो लागू पडला नाही. थुंकी कल्चरला गेली आणि एमडीआर निघाला. दोन वर्षांचा कोर्स. त्यातले पहिले सहा महिने आठवड्यातून सहा दिवस कमरेवर इंजेक्शन. बसायची पंचाईत, झोपायची पंचाईत. तिसऱ्या महिन्यात कानात रातकिडे ओरडायला लागले. सांगितलं तर उत्तर आलं, "औषध कडक आहे, होतं असं. कोर्स मात्र सोडू नकोस." मी सोडला नाही. मग एके दिवशी आई स्वयंपाकघरात धावत आली आणि गॅस बंद केला. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या होत्या आणि मी शेजारी उभी राहून पोळ्या लाटत होते. उंच पट्टीचे आवाज आधी जातात हे मला पुढे कळलं. आधी शिट्टी गेली, मोबाइलची घंटी गेली, मग 'स', 'श', 'च' गेले, आणि शेवटी आईचा आवाज. त्या सहा महिन्यांत एकदाही माझ्या कानांची तपासणी झाली नाही.

कोर्स संपला तेव्हा कार्डाच्या शेवटच्या रकान्यात 'क्युअर्ड' असा शेरा मिळाला. ते खरंच आहे. मी वाचले, आणि त्या औषधांनीच वाचले. ते ऋण मी नाकारत नाही. पण तो रकाना तिथेच संपतो. बरं होण्यासाठी काय मोजावं लागलं, हे लिहायला कार्डावर जागा नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने कानामायसिन वापरू नये असं सांगितलं. माझ्या शेवटच्या इंजेक्शनाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. मुंबईच्याच नंदिता व्यंकटेशन यांची श्रवणशक्तीही टीबीच्या औषधांनीच गेली, आणि बेडाक्विलिन या टीबीच्या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवू नये म्हणून त्या दक्षिण आफ्रिकेतल्या, टीबीतूनच बऱ्या झालेल्या फुमेझा टिसिले यांच्याबरोबर लढल्या. पुढे मार्च २०२३मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने ती मुदतवाढ नाकारली. त्यांच्या लढ्याबद्दल मी त्याआधीच वाचलं होतं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्यासारख्यांनी घरात बसून राहायचं कारण नाही.

तर, समुपदेशक ताईंचा मेसेज आला: "नव्या चाचणीचा आराखडा होतोय. पेशंटांचं म्हणणं हवंय. येशील?" आईने विचारलं, "पुन्हा त्या दारात कशाला?" मी दोन दिवस घेतले आणि हो म्हटलं.

आम्ही सहाजण होतो. गोवंडीचे रिक्षावाले भाऊ. परळचे एक काका, वॉचमनच्या नोकरीतून निवृत्त झालेले. धारावीत जरीकाम करणारा एक मुलगा, मूळचा बिहारचा, हिंदी बोलणारा. कळव्याचा एक कॉलेजातला विद्यार्थी. दिव्याहून येणाऱ्या एक मावशी, ज्यांची सतरा वर्षांची मुलगी एमडीआरने दुसऱ्या वर्षी गेली होती. आणि मी. पहिला प्रश्न भाऊंनी विचारला: "माझा दिवस बुडतो, त्याचं काय?" प्रश्न रास्त होता. डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ, समन्वयक, सगळे पगारावर आले होते. त्याच बैठकीत ठरलं, की आम्हाला एका दिवसाच्या कमाईइतकं मानधन आणि प्रवासखर्च मिळेल, तोही निघताना हातात.

चाचणी काय होती ते सोपं करून सांगते. आता या टीबीवर इंजेक्शनांशिवाय सहा महिन्यांत पूर्ण होणारा गोळ्यांचा कोर्स आहे. त्यातलं एक औषध लिनेझोलिड. ते टीबीला भारी पडतं, पण नसांनाही. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या निक्स-टीबी या अभ्यासात १०९ रुग्ण होते आणि रोज १२०० मिलिग्रॅम लिनेझोलिड दिलं गेलं. दहातले नऊ जण बरे झाले. पण ८१ टक्क्यांना हातापायांच्या नसांचा त्रास झाला. पुढे झेनिक्स नावाच्या चाचणीत मात्रा आणि मुदत कमी करून पाहिली. रोज ६०० मिलिग्रॅम, २६ आठवडे दिलं, तेव्हा ९१ टक्के बरे झाले आणि नसांचा त्रास २४ टक्क्यांवर आला. तेच औषध नऊ आठवड्यांत बंद केलं तर त्रास आणखी कमी, १३ टक्के, पण बरे होणारेही ८४ टक्क्यांवर आले. आमच्या चाचणीत विचारायचं होतं की पहिले नऊ आठवडे ६०० आणि नंतर बंद न करता ३०० दिलं तर काय होईल. निम्म्या लोकांना पूर्ण काळ ६००, निम्म्यांना मधूनच ३००.

आम्हाला बारा पानांचा मराठी-हिंदी गोषवारा दिला होता. मी पूर्ण आराखडा मागितला. समन्वयक म्हणाले, "इंग्रजीत आहे, ऐंशीच्या वर पानं आहेत." मी म्हटलं, चालेल. तीन आठवडे रोज रात्री शब्दकोश घेऊन वाचला. गोषवाऱ्यात 'रुग्णांची नियमित तपासणी होईल' एवढंच होतं. आराखड्यात त्या तपासण्यांचं पानभर वेळापत्रक होतं आणि आमचे निम्मे प्रश्न त्या एका पानातून निघाले.

पण आधी भाषा. संमतीपत्राच्या मराठी मसुद्यावर आमची एक अख्खी बैठक गेली आणि मला वाटतं सगळ्यात मोलाची तीच. पहिला शब्द 'चाचणी'. मावशी म्हणाल्या, "चाचणी म्हणजे रक्ताचीच ना?" 'तुम्ही या चाचणीत सहभागी होत आहात' हे वाक्य त्यांनी 'तुमचं रक्त तपासणार आहोत' असंच वाचलं होतं. रोज दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला 'चाचणी' म्हणजे थुंकीची, रक्ताची, एक्स-रे. भाषांतर करणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही, कोशात तोच शब्द आहे. आम्ही तिथे 'औषधाचा अभ्यास' केलं आणि खाली वाक्य जोडलं: "दोन पद्धतींपैकी कोणती चांगली हे अजून कुणालाच माहीत नाही. ते शोधण्यासाठी हा अभ्यास आहे."

मग 'यादृच्छिक'. हा शब्द सहाजणांत कुणी आयुष्यात उच्चारला नव्हता. भाऊ म्हणाले, "सरळ सोडत लिहा ना. म्हाडाची सोडत सगळ्यांना कळते." मला पटलं होतं, पण काका म्हणाले, "सोडतीत घर लागलं तर लागलं, नाही तर नशीब फुटकं. पेशंटला वाटेल, ज्याला नवं मिळालं त्याला घर लागलं." खरं होतं. शेवटी लिहिलं, "चिठ्ठी टाकून ठरवावं तसं संगणक ठरवेल, डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही." यावर जरीकाम करणाऱ्या मुलाने विचारलं, "डॉक्टर को ही नहीं पता, तो हम क्यों खाएँ?" सगळे थांबले. मॅडमनी घाईने उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, "ठाऊक असतं तर अभ्यास केलाच नसता. ठाऊक असताना निम्म्यांना कमी चांगलं औषध देणं पाप होईल." हे वाक्य संमती घेणाऱ्या प्रत्येकाने तोंडी सांगायचं, असं आम्ही सुचवलं.

तिसरा शब्द माझा. दुष्परिणामांच्या यादीत होतं, 'बधिरता जाणवते का?' मी तिथे 'हो' लिहिलं असतं. मला वाटलं, अखेर कानांबद्दल कुणीतरी विचारलं. त्यांना विचारायचं होतं पायांबद्दल: पाय बधीर होतात का. 'बधिर' आणि 'बधीर', एका वेलांटीचा फरक, आणि तोही नामात उरत नाही. दहा वर्षांपूर्वी ज्या रकान्याची मी वाट पाहिली तो समोर आल्यासारखा वाटला आणि तो माझा नव्हता. क्षणभर फार वाईट वाटलं. मग मी हात वर केला आणि समजावून सांगितलं. 'बधिरता' गेलं.

त्याच्या जागी काय लिहायचं? डॉक्टरांनी सुचवलं, 'हातापायांना मुंग्या येणे, जळजळ, संवेदना कमी होणे'. तेव्हा काका बोलले. त्यांनी २०१९मध्ये बरेच महिने लिनेझोलिड घेतलं होतं. म्हणाले, "मुंग्याबिंग्या मला कधी आल्या नाहीत. दादर स्टेशनच्या पुलावर माझी एक चप्पल राहिली. घरी आलो, सूनबाई म्हणाली, बाबा, एकच चप्पल? तेव्हा मला कळलं." व्हरांड्यात कुणी हललं नाही. मग नसांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की कुष्ठरोगात आणि मधुमेहात हा प्रश्न जुने डॉक्टर हमखास विचारतात: चप्पल पायातून निसटते का, आणि निसटली तर कळतं का? टीबीच्या अर्जात मात्र तो नव्हता.

त्यानंतर जो तो आपापल्या कामाचं बोलू लागला. भाऊ म्हणाले, रिक्षाचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो, पाय ब्रेकवर आहे की बाजूला हे बघून खात्री करावी लागली तर त्या माणसाने रिक्षा कशी चालवायची? जरीवाल्या मुलाने बोटांची टोकं दाखवली. सुई धरली आहे हे त्याला कळायचं, पण किती घट्ट धरली आहे हे कळायचं नाही, आणि मणी निसटायचे. आराखड्यातल्या त्रास मोजायच्या पट्टीवर जेवण, कपडे, आंघोळ स्वतःची स्वतः करता येत नसेल तरच त्रास 'गंभीर' ठरत होता. म्हणजे हा मुलगा शर्टाची बटणं लावू शकत होता म्हणून त्याचा त्रास मध्यम, आणि काम मात्र गेलेलं. आम्ही मागितलं, की पट्टी राहू द्या, ती जगभर सारखी आहे, पण तिच्याखाली एक प्रश्न जोडा: "तुमचं काम काय? ते पूर्वीसारखं करता येतं का?" तो जोडला गेला. औषध संपल्यावर सहा आणि बारा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायचा हेही ठरलं, कारण गोळ्या थांबल्या म्हणून नसा लगेच सुधारत नाहीत.

इथपर्यंत आम्ही सगळे एका बाजूला होतो. चौथ्या बैठकीत तसं राहिलं नाही.

माझं म्हणणं होतं, की नसांचा त्रास हेच चाचणीचं मुख्य मोजमाप असावं. बरे किती झाले हे तर मोजणारच आहात. पण ज्यासाठी मात्रा कमी करताय तेच शेवटच्या ओळीत का टाकता? संख्याशास्त्रज्ञ सरांनी फळ्यावर आकडे मांडून दाखवलं. किती रुग्ण घ्यायचे हे मुख्य प्रश्नावरून ठरतं. कमी मात्रेने लोक बरे होण्यात घट होत नाही ना, याची खात्री करायला जास्त माणसं लागतात. त्रास कमी झाला का, हे त्याहून कमी माणसांत दिसू शकतं. त्रास मुख्य धरून छोटी चाचणी केली, तर टीबी उलटण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं असलं तरी नजरेतून सुटेल. मला गणित कळलं, तरी मी हट्ट सोडला नव्हता.

तेव्हा मावशींनी मास्क खाली केला. त्या फार कमी बोलत. म्हणाल्या, "माझ्या पोरीच्या पायाला मुंग्या आल्या असत्या तर मला चाललं असतं. तिचे कान गेले असते तरी चाललं असतं. ती घरात हवी होती." माझ्याकडे बघून म्हणाल्या, कारण तसा नियमच होता.

मला उत्तर सुचलं नाही, आणि आजही माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. 'पेशंटांचं म्हणणं' असं एकच काही असतं, असं मी तोवर धरून चालले होते. मी वाचलेली होते म्हणून मला किंमत दिसत होती. ज्यांचं माणूस वाचलं नाही, त्यांनी ती किंमत हसत दिली असती. ९१ आणि ८४ या दोन आकड्यांच्या मधल्या सातांत कुणाची तरी मुलगी आहे. म्हणून मी माझी मागणी मागे घेतली. पटलं म्हणून घेतली, हरले म्हणून नाही. पण आम्ही दोघींनी मिळून दुसऱ्या दोन गोष्टी मागितल्या. एक, कमी मात्रेच्या गटात टीबी उलटणारे ठरावीक संख्येपेक्षा जास्त दिसले तर चाचणी थांबवून फेरविचार व्हावा, आणि ती संख्या आधीच कागदावर असावी. दुसरी, नसांचा त्रास हे दुय्यम मोजमापांत पहिल्या क्रमांकावर यावं आणि सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने प्रत्येक आढाव्यात ते बघावं. थांबण्याची अट सरांच्या मसुद्यात होतीच. तिचे आकडे आम्हाला समजावून सांगून ते संमतीपत्रात साध्या भाषेत आले. दुसरी गोष्ट पूर्ण मान्य झाली.

बाकीचे बदल थोडक्यात सांगते, तेही कमी महत्त्वाचे नाहीत. वेळापत्रकात पहिले दोन महिने दर आठवड्याला सकाळी नऊला हजेरी होती. नऊ वाजता दिव्याहून किंवा कळव्याहून लोकलमध्ये अशक्त माणसाने चढायचं कसं? आम्ही भेटी कमी करा म्हटलं. डॉक्टरांनी सांगितलं, की लिनेझोलिडने रक्तातल्या पेशी कमी होतात आणि ते पहिल्या आठवड्यांतच पकडावं लागतं. ते ऐकल्यावर आम्ही मागणी बदलली: भेटी तितक्याच, पण दुपारी, आणि शनिवारी सहापर्यंत. प्रवासखर्चाला बिल मागत होते. भाऊ म्हणाले, रिक्षात बिल मिळत नाही हे मी सांगतोय. मग अंतराप्रमाणे ठरावीक रक्कम झाली. घरभेटीला येणाऱ्यांनी एप्रन घालायचा नाही, आधी फोन करायचा, आणि पेशंट म्हणेल तिथे भेटायचं, हे कळव्याच्या मुलाने लावून धरलं. त्याच्या चाळीत एकदा एप्रनवाले आले आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारचं पोर अभ्यासाला यायचं बंद झालं.

संमतीसाठी घरी कागद नेऊन विचार करायला वेळ हवा, हे आम्ही मागितलं. डॉक्टर म्हणाले, औषध लांबवता येणार नाही. तीन दिवसांवर तडजोड झाली. संमतीच्या चित्रीकरणावर आम्ही बरंच भांडलो. २०१९च्या सरकारी नियमांत अगदी नव्या रेणूच्या औषधांच्या चाचणीत असुरक्षित गटातल्या व्यक्तींची संमती घेताना आवाज आणि चित्र दोन्ही नोंदवायचं आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांना फक्त आवाजाची सवलत आहे. टीबीला ती नाही. ज्या आजाराचं नाव कळल्यावर स्थळं परत जातात, त्याला ही सवलत का नसावी? हे डॉक्टरांच्या हातात नव्हतं. जिथे चित्रीकरण करावं लागेल तिथे ते कुठे ठेवलं जाईल आणि कोण बघेल, हे आधी सांगायचं, एवढंच पदरात पडलं.

एका मुद्द्यावर मात्र काहीच बदललं नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका चाचणीत नाहीत. बाळाला धोका होऊ नये, हे कारण मला समजतं. पण एमडीआर गरोदर बाईलाही होतो आणि तिलाही काहीतरी औषध द्यावंच लागतं. मग ते कशाच्या आधारावर देतात? आधार फारच तोकडा असतो, कारण तिला चाचण्यांत क्वचितच घेतलं जातं. मला हे पटलेलं नाही आणि मी तसं लेखी दिलं आहे. आम्ही एवढंच सुधारू शकलो, की गर्भनिरोधनाचं बोलणं बाईशी एकटीशी व्हावं. मसुद्यात ते 'कुटुंबासमोर समजावून सांगावे' असं होतं. सासूसमोर हा विषय काढून कुठल्या सुनेने खरं उत्तर दिलं असतं?

त्या दिवसांत मी जुनं बरंच वाचलं. आजच्या पद्धतीची, चिठ्ठी टाकावी तशी रुग्ण वाटून केलेली पहिली प्रसिद्ध चाचणी टीबीचीच होती: ब्रिटनमधली स्ट्रेप्टोमायसिनची, १९४८ साली छापलेली. १०७ रुग्ण. ज्या ५२ जणांना औषध मिळालं नाही, त्यांना आपण कुठल्या चाचणीत आहोत हे कुणी सांगितलंच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन हे कानामायसिनचं थोरलं भावंड. त्यानेही कानाच्या आतल्या भागावर घाव बसायचा, रुग्णांना चक्कर यायची. तेही त्या निबंधात नोंदलेलं आहे. म्हणजे या कुळाची औषधं कानाला धरतात, हे माझ्या जन्माआधी चाळीस वर्षं माहीत होतं. माझ्या कानांची तपासणी तरीही झाली नाही. माहिती असणं वेगळं आणि ती विचारायला रकाना असणं वेगळं. आपल्याकडे चाचण्यांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीत कायद्याने एक सामान्य माणूस असतो, ते चांगलंच आहे. पण तिच्यापुढे कागद जातो तो सगळं ठरल्यावर. रकाने आखले जातात त्या आधी.

सप्टेंबर २०२४मध्ये सरकारने सहा महिन्यांच्या नव्या कोर्सला मान्यता दिली. आमची चाचणी चालू आहे, निकाल यायचा आहे.

शेवटच्या बैठकीला संमतीपत्राचं शेवटचं पान होतं. मी मागितलं होतं, की निकाल लागला की भाग घेतलेल्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत पत्र जावं, चांगला असो वा वाईट. ते मान्य झालं होतं आणि सगळे उठायच्या बेतात होते. मावशी बसून राहिल्या. म्हणाल्या, "आणि जो राहिलाच नाही त्याचं पत्र?" कुणाला लगेच कळलं नाही. त्या म्हणाल्या, मुलगी गेल्यावर त्यांना कुणी काही कळवलं नाही. कोणतं औषध लागू पडलं नाही, कार्डावर शेवटी काय लिहिलं, काहीच नाही. कार्डही परत मिळालं नाही.

मॅडम पुन्हा खाली बसल्या आणि समन्वयकांना लिहून घ्यायला सांगितलं. आता त्या पानावर, सहीच्या वर, दोन रिकाम्या ओळी आहेत: 'अभ्यासाचा निकाल तुमच्याबरोबर आणखी कोणाला कळवावा? नाव आणि पत्ता.' छापून आलेला नमुना मावशींनी मांडीवर घेतला आणि त्या दोन ओळींवरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसल्या. खाली गेटपाशी भाऊ रिक्षा चालू करून थांबले होते. त्या दिवशी त्यांनी मावशींना दादरपर्यंत सोडलं.